ब्रेकचा आवाज आणि तो ऐकून घेणारे गॅरेज

ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून धातूवर धातू घासल्यासारखा आवाज येऊ लागला, तेव्हा मी या गॅरेजमध्ये पहिल्यांदा गेले. तक्रार नवी नव्हती. त्याआधीच्या वर्षभरात दुसऱ्या एका गॅरेजने माझ्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड, म्हणजे डिस्कवर दाबून चाक थांबवणारे तुकडे, दोनदा बदलले होते, आणि दोन्ही खेपेला मी तिथे सांगितले होते की गाडी किंचित डावीकडे ओढते, थोडे अंतर चालवून उतरले की डावे चाक उजव्यापेक्षा जास्त तापलेले असते आणि त्याच्याजवळ करपल्यासारखा वास येतो. दोन्ही खेपेला उत्तर एकच मिळाले : ‘‘मॅडम, तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून चालवत असणार. लेडीजना ती सवय असतेच.’’ दुसऱ्या खेपेला तर ‘‘साहेबांचा नंबर द्या, त्यांना नीट समजावून सांगतो,’’ असे म्हणून माझ्याशी बोलणेच थांबवले गेले. गाडी माझ्या नावावर आहे, रोज ती मीच चालवते आणि बिलही मीच भरणार होते. तरी बिघाडाविषयी बोलण्यासाठी समोरच्याला दुसरा माणूस हवा होता.

त्यानंतर गेली दोन वर्षे माझी गाडी या नव्या गॅरेजमध्ये जाते. त्याचे नाव मी लिहीत नाही, कारण मला जाहिरात करायची नाही. स्त्री ग्राहकांना गॅरेजमध्ये अवघडल्यासारखे होऊ नये यासाठी नेमके काय करावे लागते, ते मला तिथे जवळून पाहायला मिळाले. गॅरेज चालवणाऱ्यांना आणि गॅरेजच्या दारात जाताना ज्यांच्या पोटात गोळा येतो अशा स्त्रियांना त्याचा उपयोग व्हावा, म्हणून तिथले चांगले आणि उणे दोन्ही इथे नोंदवते आहे.

पहिल्या दिवशी फोरमनने बॉनेट उघडण्याआधी मला प्रश्न विचारले. गाडी डावीकडे ओढते ती ब्रेक दाबल्यावरच, की नुसती चालवतानाही? आवाज सकाळी गाडी काढताना येतो, की ती तापल्यावर? वळण घेताना तो बदलतो का? ब्रेकच्या पेडलला थरथर जाणवते का? वास चालवताना येतो, की उतरल्यावर? मी सांगत गेले आणि ते जॉब कार्डावर लिहीत गेले. ‘ब्रेक चेक करणे’ असे एका ओळीत न उरकता त्यांनी माझेच शब्द लिहिले : ‘डावे चाक जास्त तापते, उजवे नाही.’ मग त्या ओळीखाली रेघ मारून ते म्हणाले, ‘‘मॅडम, ब्रेकवर पाय राहत असता तर दोन्ही चाकं तापली असती. एकच तापतंय म्हणजे दोष त्या चाकातच आहे.’’ वर्षभरात दोन वेळा मी जे सांगत होते, त्याचा अर्थ कुणीतरी पहिल्यांदाच लावला होता.

गाडी रॅम्पवर चढवून चाक उतरवल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले. सुरक्षेसाठी आत येता येत नाही अशी पाटी तिथेही आहे, पण पाहणीच्या वेळी ग्राहकाला पिवळ्या पट्ट्यापर्यंत येऊ देतात आणि डोळ्यांवर लावायला चष्मा देतात. दोन्ही पॅड काढून त्यांनी मापले. बाहेरच्या पॅडचा थर ६ मिलिमीटर शिल्लक होता, आतल्याचा २ मिलिमीटरपेक्षाही कमी. दोन्ही पॅड एकाच दिवशी बसवलेले होते. माझ्या गाडीच्या कॅलिपरमध्ये (दोन्ही पॅड धरून ठेवणाऱ्या भागात) पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबतो आणि मग कॅलिपरचा सांगाडा दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. ब्रेक सोडला की हा सांगाडा मोकळेपणाने मागे सरकायला हवा. फोरमनने मला हातमोजे दिले आणि दोन्ही पिना हलवून पाहायला सांगितले. वरची पिन अंगठ्याने सहज आत-बाहेर झाली. खालची जागची हलेना. तिच्यावरचे रबरी आवरण फाटले होते, आत पाणी गेले होते आणि पिन गंजून धरली होती. त्यामुळे ब्रेक सोडल्यावरही आतला पॅड डिस्कला घासत राहत होता, चाक तापत होते, गाडी ओढत होती आणि नवे पॅड काही महिन्यांत संपत होते.

पिना आणि आवरणे बदलली, ब्रेकसाठीचे उष्णता सहन करणारे ग्रीस लावले आणि पुढच्या दोन्ही चाकांना नवे पॅड बसवले. डिस्क बदलायची का, हे ठरवण्यासाठी त्यांनी तिची जाडी मापली आणि डिस्कवरच कोरलेला किमान जाडीचा आकडा टॉर्च मारून मला वाचायला लावला. जाडी त्या किमान आकड्यापेक्षा जास्त होती. ‘‘अजून एक पॅडसेट आरामात निघेल,’’ म्हणून त्यांनी डिस्क तशीच ठेवली. ती बदलायला सांगितली असती, तर त्या दिवशी मी हो म्हटले असते हे त्यांनाही कळत असणार.

या एका प्रसंगावरून माझे एक मत पक्के झाले आहे. स्त्री ग्राहकाला कमी लेखणे हा प्रश्न केवळ वागणुकीचा किंवा मान-अपमानाचा आहे असे बहुतेक गॅरेजवाले समजतात, आणि म्हणून त्यावरचा उपाय गोड बोलणे, बसायला खुर्ची देणे, फार तर चहा पाजणे एवढाच त्यांना सुचतो. प्रत्यक्षात त्याने निदान चुकते. गाडी रोज चालवणाऱ्या माणसाला तिच्यातला बदल सगळ्यांत आधी जाणवतो. मेकॅनिकच्या हाताशी असलेली ती पहिली आणि फुकट मिळणारी माहिती असते. ‘बाईला काय कळणार’ असे धरून चालले की ती माहिती कचऱ्यात जाते आणि बिघाडाचे खापर चालवण्याच्या पद्धतीवर फोडून मूळ दोष तसाच राहतो. माझ्या बाबतीत हा दोष ब्रेकमध्ये होता, म्हणजे गाडीच्या अशा भागात, जिथे चूक खपवून घेता येत नाही.

पैशाच्या बाजूनेही हे गृहीतक अंगाशी येते, आणि त्याला अभ्यासाचा आधार आहे. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांचा २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यासाठी शेकडो गॅरेजना फोन करून एकाच मॉडेलच्या गाडीचा रेडिएटर बदलायला किती खर्च येईल, असे स्त्रियांनी आणि पुरुषांनी विचारले होते. आपल्याला किमतीचा काहीच अंदाज नाही असे सांगितल्यावर स्त्रियांना पुरुषांपेक्षा जास्त रक्कम सांगितली गेली. अपेक्षित किंमत आधीच बोलून दाखवल्यावर मात्र हा फरक उरला नाही. रक्कम कमी करण्याची विनंती केल्यावर सुमारे ३५ टक्के स्त्रियांची विनंती मान्य झाली, तर पुरुषांची सुमारे २५ टक्के. याचा अर्थ मी असा लावते की फोन घेणाऱ्याचा पूर्वग्रह स्त्रीविषयी नसून तिच्या अज्ञानाविषयीच्या अंदाजाशी जोडलेला आहे, आणि तिने तो अंदाज चुकीचा ठरवला की व्यवहार सरळ होतो. पण हे ओझे दर वेळी ग्राहकानेच का उचलायचे? या गॅरेजने ते आपल्या बाजूने कमी केले आहे. नेहमीच्या कामांच्या मजुरीचा तक्ता काउंटरमागे लावलेला आहे, फोनवर विचारणाऱ्याला त्याच तक्त्यावरून दर सांगतात, आणि बिलात सुट्या भागाची कंपनी व पार्ट नंबर लिहितात, म्हणजे ग्राहकाला त्याची किंमत घरी बसून पडताळता येते. जुने भाग नव्यांच्या खोक्यात घालून परत देतात. माझा तो झिजलेला आतला पॅड मी अजून ठेवला आहे.

मला सगळ्यांत जास्त भावले ते त्यांचे अंदाजपत्रक. सर्व्हिसिंगला गाडी टाकली की दोन तासांत फोनवर एक पान येते, आणि त्यात कामांचे तीन भाग केलेले असतात : आत्ताच करायला हवे असे, पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबले तरी चालेल असे, आणि नुसते लक्ष ठेवायचे असे. प्रत्येक ओळीपुढे मोजून काढलेला आकडा असतो. ‘टायर झिजलेत’ असे मोघम न लिहिता चारही टायरच्या खाचांची खोली मिलिमीटरमध्ये लिहितात, आणि अनेक देशांत कायद्याने ठरलेली १.६ मिलिमीटरची किमान मर्यादा शेजारी देतात. बॅटरीपुढे इंजिन बंद असतानाचा व्होल्टेज लिहितात, तो १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज आहे हे आता मला कुणी सांगावे लागत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्याने त्याचा उकळबिंदू उतरतो आणि म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलतात, हे मला याच पानावरच्या एका ओळीमुळे कळले. ज्याच्या हातात आकडा असतो, त्याला समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहून खरे-खोटे ठरवावे लागत नाही. पुरुषांनाही हे पान तेवढेच उपयोगी आहे, कारण इंजिनातले सगळे जन्मतः कुणालाच कळत नसते. फक्त पुरुषाच्या अज्ञानावर सहसा कुणी बोट ठेवत नाही.

या पानावरच्या एखाद्या कामाला मी नको म्हटले, तर ते ‘ग्राहकाने आत्ता नको म्हटले’ एवढे लिहून पुढे जातात. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की स्त्री ग्राहकांना भीती घालून काम विकण्याची एक ठरावीक पद्धत आहे. ‘‘रात्री रस्त्यात बंद पडली तर एकट्याच असाल ना,’’ हे वाक्य मी वेगवेगळ्या गॅरेजमध्ये निदान चार वेळा ऐकले आहे, आणि त्यातल्या एकदा तर ते केबिन फिल्टरसाठी वापरले गेले होते. केबिन फिल्टर तुंबल्याने गाडी रस्त्यात बंद पडत नाही; एसीची हवा कमी येते आणि कोंदट वास येतो. एकटीने प्रवास करणाऱ्या बाईच्या मनात जी धाकधूक आधीच असते, तिचा विक्रीसाठी वापर करणे हा अप्रामाणिकपणा आहे, आणि या गॅरेजमध्ये दोन वर्षांत तो मला एकदाही दिसला नाही.

चाकाच्या नटांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तिथली काळजी बाहेरून दिसत नाही. अनेक ठिकाणी हवेच्या गनने नट इतके करकचून आवळतात की रस्त्यात पंक्चर झाल्यावर गाडीतल्या छोट्या पान्याने ते कुणाच्याच ताकदीला दाद देत नाहीत, आणि बाई असेल तर ‘तुमच्याने नाही होणार’ असे ऐकून घ्यावे लागते. इथे शेवटचा आवळ टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, कंपनीने ठरवून दिलेल्या मापाइतकाच देतात. पहिल्या सर्व्हिसिंगनंतर त्यांनी डिकीतला पाना माझ्या हातात देऊन एक नट सोडवून पाहायला सांगितला. पाना आडवा धरून त्याच्या टोकावर पायाने भार दिला की नट सुटतो. मात्र जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच तो सैल करून घ्यायचा, हे तिथल्या मुलाने दोन मिनिटांत करून दाखवले. नट त्यांनी पुन्हा मापाने आवळला आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर एकदा तपासून न्यायला सांगितले. त्यानंतर एकदा मी रस्त्याच्या कडेला माझ्या हाताने स्टेपनी बसवली.

बसण्याच्या जागेविषयी फार लिहिण्यासारखे नाही, आणि ते चांगलेच आहे. कामाच्या बाजूला मोठी काच आहे, त्यामुळे आपली गाडी कुठे आहे ते दिसते. स्वच्छतागृहाला आतून नीट लागणारी कडी आहे, दिवा आहे आणि पर्स अडकवायला खुंटी आहे. भिंतीवर स्त्रियांची उघडीवाघडी चित्रे असलेली कॅलेंडरे नाहीत. फाटकापासून काउंटरपर्यंत संध्याकाळी उजेड असतो. एवढ्या गोष्टींना खर्च थोडा लागतो, आणि त्या नसतील तर ग्राहक पुन्हा न येण्याचे कारण कधीच सांगत नाही, नुसती येईनाशी होते.

वायरिंग आणि सेन्सरची कामे इथे एक तरुण मुलगी करते. एकदा माझ्यासमोरच एका गृहस्थांनी तिला बाजूला सारून ‘मुख्य मेकॅनिकला बोलवा’ असे म्हटले, तेव्हा मालकांनी शांतपणे सांगितले, ‘‘या कामाच्या मुख्य त्याच आहेत.’’ ती स्कॅनर लावून गाडीच्या संगणकातून आलेला बिघाडाचा कोड ग्राहकाला दाखवते आणि एक गोष्ट आवर्जून सांगते : कोड म्हणजे निदान नव्हे. पी ०४२० हा कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाच्या) कार्यक्षमतेविषयी असतो, पण तेवढ्यावरून कन्व्हर्टर बदलायला सांगणे चूक ठरू शकते, कारण एग्झॉस्टची गळती किंवा बिघडलेला सेन्सर यांमुळेही तो येतो. तिला काम करताना पाहिले की मला मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ यांची आठवण होते. त्यांनी १८८८ साली दोन मुलांना सोबत घेऊन जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत, सुमारे १०६ किलोमीटर, पतीने बनवलेली मोटार चालवत नेली. वाटेत इंधनाची तुंबलेली नळी हॅटच्या पिनेने मोकळी केली आणि ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. आज आपण बदलतो त्या ब्रेकच्या अस्तराची सुरुवात त्या चामड्यापासून सांगितली जाते, म्हणजे मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासातली दुरुस्ती एका बाईने रस्त्यावर उभे राहून केली होती.

आता उणिवा. सगळ्यांत गंभीर उणीव माझ्या पहिल्या भेटीतच लक्षात आली होती : ग्राहकाचे पूर्ण नाव, घरचा पत्ता आणि मोबाइल नंबर असलेले जॉब कार्ड गाडीच्या काचेमागे दर्शनी लावले जायचे, आणि रॅम्पजवळून जाणाऱ्या कुणालाही ते वाचता यायचे. माझ्या तक्रारीनंतर आता काचेवर फक्त नोंदणी क्रमांक आणि कामाचा नंबर असतो, पण हा बदल व्हायला तीन महिने लागले. ट्रायलला गाडी नेताना ग्राहकाला सोबत चलण्याविषयी अजूनही आपणहून विचारत नाहीत, आपल्याला आठवण करावी लागते. काउंटरवरचा मुलगा चांगला आहे, पण भाऊ सोबत आला होता तेव्हा तो सारे त्यालाच सांगत होता. ‘‘गाडी हिची आहे,’’ असे भावाने म्हटल्यावर त्याने मान माझ्याकडे वळवली. जे फोरमनच्या अंगवळणी पडले आहे ते काउंटरपर्यंत पोहोचलेले नाही, आणि ग्राहकाची गाठ आधी काउंटरशीच पडते.

वर्षातून दोनदा ते महिलांसाठी गाडीची माहिती देणारे शिबिर घेतात. शिबिर उत्तम असते, ऑइलची पट्टी कशी वाचायची इथपासून डॅशबोर्डावरचा लाल दिवा आणि पिवळा दिवा यांतल्या फरकापर्यंत सगळे गाडीवर दाखवतात, पण ते कामाच्या दिवशी दुपारी असते, म्हणजे नोकरी करणाऱ्या स्त्रिया आपोआप वगळल्या जातात. शिवाय त्या दिवसापुरती मजुरीत सवलत देण्यापेक्षा तक्त्यावरचा दर वर्षभर सगळ्यांना सारखा ठेवलेला मला जास्त आवडेल. पाहणी बारकाईने होत असल्यामुळे गाडी मिळायला वेळ लागतो, हेही जाणाऱ्यांनी धरून चालावे. साध्या सर्व्हिसिंगलाही पूर्ण दिवस जातो.

पहिल्यांदा जाणार असाल तर सकाळी लवकर जा आणि थेट फोरमनला भेटा. आवाज, वास, थरथर जे काही जाणवले असेल ते कधी, किती वेगात आणि गाडी थंड असताना की तापल्यावर, हे आधी लिहून न्या. ते वही मागतात आणि वाचतात. गेल्या महिन्यात मी फोन करून सांगितले की स्टिअरिंग पूर्ण वळवले की उजवीकडून टकटक ऐकू येते. त्यांनी विचारले, ‘‘वळून पुढे जाताना येते, की जागेवर उभी असतानाही?’’ मी वही उघडून उत्तर दिले. फोनवरच त्यांनी उजवीकडच्या ड्राइव्ह शाफ्टचे (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचे) रबर फाटले असावे असा अंदाज बांधला, आणि रॅम्पवर गाडी चढल्यावर आम्ही दोघांनी ते फाटलेले रबर आणि बाहेर उडालेले ग्रीस एकत्रच पाहिले.